इंजिन जाम, हप्ता चालूच

बदलापूर पूर्वेकडील खरवईची औद्योगिक वसाहत असो, शेजारच्या अंबरनाथमधील कारखाने असोत वा उल्हासनगरचा फर्निचर आणि जीन्सचा बाजार. या पट्ट्यातील मालवाहतुकीचा मोठा भार पिकअपवर आहे. यातील अनेक गाड्या कर्जाने घेतलेल्या असतात आणि मालक स्वतःच चालक असतो. अशा गाडीचे इंजिन हप्ते फिटण्याआधीच जाम झाले, तर दुरुस्तीचा खर्च, बुडालेले भाडे आणि न थांबणारा हप्ता असे तिन्ही घाव एकाच माणसावर बसतात. दोष कोणाचा, याचा निवाडा मात्र सहसा होत नाही. कंपनी इंधनाकडे बोट दाखवते, पंपचालक देखभालीकडे आणि विमा कंपनी अटींकडे.

यंत्रच आता पूर्वीसारखे राहिलेले नाही. २००५ मध्ये बाजारात आलेल्या टाटा एसला लोकांनी ‘छोटा हत्ती’ म्हटले. तिचे सुमारे ७०० सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन इतके साधे होते की नाक्यावरचा मिस्त्रीही ते उघडून पुन्हा बसवू शके. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके देशभर लागू झाली. डिझेलमधील गंधकाची मर्यादा दहा लाख भागांमागे ५० वरून १० वर आली आणि धुरातील काजळी अडवणारी गाळणी, संवेदक व संगणकीय नियंत्रण या गोष्टी मालवाहू गाड्यांतही आल्या. शहरांच्या हवेसाठी हे आवश्यकच होते, त्याविषयी वाद नाही. परंतु त्या गाळणीला स्वतःची शिस्त आहे. साठलेली काजळी जाळण्यासाठी धुराचे तापमान सुमारे सहाशे अंशांपर्यंत जावे लागते आणि त्यासाठी गाडी काही काळ सलग वेगात धावावी लागते. बदलापूरच्या उड्डाणपुलावर आणि कल्याण-शिळ रस्त्याच्या कोंडीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर सरकणाऱ्या पिकअपला तो वेग कोठून मिळणार? ही प्रक्रिया वारंवार अर्धवट राहिली, तर अनेक रचनांमध्ये जास्तीचे डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरते. ऑइल पातळ होते, बेअरिंग घासते, टर्बो जातो आणि अखेर क्रँकपर्यंत काम निघते. ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली, तर तो शुभशकुन नव्हे, हे किती चालकांना सांगितले जाते?

मालकही सर्वस्वी निर्दोष नसतात. क्षमतेबाहेर माल भरणे, ऑइल बदलण्याची वेळ पुढे ढकलणे, तापमानाचा काटा चढला असतानाही ‘एवढी खेप टाकून येऊ’ म्हणणे, हे सर्रास चालते. भाड्याचे दरच असे की क्षमतेइतका माल नेणारा स्पर्धेत मागे पडतो.

इंधनाचा प्रश्न तर महाराष्ट्राने रक्त सांडून अनुभवला आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ इंधनभेसळीचा अड्डा उघडकीस आणताना मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. डिझेलमध्ये रॉकेल मिसळले की त्याचा वंगणगुण घटतो आणि पंप व नोझल झिजतात. जुने इंजिन हे बरेच सोसत असे. अतिउच्च दाबाचे आजचे इंजेक्टर सोसत नाहीत. पंपावर इंधनाची घनता तपासून मागण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. तो वापरणारा विरळाच.

उल्हास नदीच्या काठी पुराचीही भर आहे. २६ जुलै २००५ चा प्रलय आणि २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान पाण्यात अडकलेली महालक्ष्मी एक्स्प्रेस येथील लोक विसरलेले नाहीत. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. त्यामुळे सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. मोटार विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीतून परिणामजन्य नुकसान आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात. मग ‘पुरामुळे नव्हे, तुम्ही गाडी सुरू केल्यामुळे इंजिन गेले’ असे उत्तर मिळते.

कायदा याबाबत अगदीच मुका नाही. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने सदोष गाड्या परत बोलावण्याची तरतूद कलम ११०-अ मध्ये आली. पण तेथे निकष आहे तो पर्यावरणाला किंवा चालक, प्रवासी व रस्त्यावरील इतरांना होणाऱ्या अपायाचा. केवळ मालकाचा खिसा रिकामा करणारा दोष त्यात सहजी बसत नाही. सुटे भाग व तपासणीची उपकरणे खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुढे ते प्रकरण अपिलांच्या फेऱ्यात सापडले.

उरतो तो ग्राहक कायदा. पिकअप हे धंद्याचे साधन, म्हणून तिचा मालक ग्राहकच नव्हे, असा युक्तिवाद हमखास होतो. तो सरसकट टिकणारा नाही. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले की उपजीविकेसाठी ट्रक घेऊन तो स्वतः चालवणारा ग्राहक ठरतो. मदतीला एखादा माणूस ठेवल्याने ते स्थान जात नाही. गाडी पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती देणाऱ्याला मात्र हे संरक्षण नाही. २०१९ च्या कायद्यानुसार राहत्या ठिकाणच्या जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. म्हणजे खरवईच्या मालकाला कंपनीच्या गावी जावे लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्कही नाही.

खरी अडचण पुराव्याची आहे. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो; त्याचे शुल्क आधी तक्रारदाराने भरायचे. तोपर्यंत गाडी न उघडता उभी ठेवायची म्हणजे भाडे बुडवायचे. म्हणून मालक मिस्त्रीला इंजिन खोलायला सांगतो. जळालेले बेअरिंग, पातळ झालेले ऑइल, टाकीतील डिझेल, सारे त्याच दिवशी भंगारात वा गटारात जाते आणि त्याबरोबर खटलाही. कंपनीच्या कार्यशाळेत इंजिन उघडले, तर निदान लिहिणारीही कंपनीच असते.

अपघातग्रस्त गाडी तपासायला आरटीओचा मोटार वाहन निरीक्षक जातो. त्याचा अहवाल न्यायालयात चालतो. मुदतीपूर्वी जाम झालेल्या इंजिनासाठी अशी त्रयस्थ व्यवस्था नाही. परिवहन विभागाने ठरावीक शुल्क घेऊन, आठ दिवसांच्या आत, दोन्ही पक्षांसमक्ष इंजिन उघडून ऑइल व इंधनाचे नमुने मोहोरबंद करण्याची सोय कल्याणच्या आरटीओत केली, तर त्यासाठी नवा कायदा करण्याचीही गरज पडू नये. तशी सोय होईपर्यंत पिकअपवाल्याच्या हाती तीनच गोष्टी आहेत: प्रत्येक सर्व्हिसचे जॉब कार्ड, डिझेलची पावती आणि इंजिन खोलण्यापूर्वी कंपनीला दिलेली लेखी सूचना.