चीनला निघालात? फराळाची बॅग थोडी हलकी करा!

चीनच्या सहलीला निघालेले पेशंट हमखास विचारतात, "डॉक्टर, आठ दिवस खाकरा, चिवडा आणि लोणच्यावर काढले तर चालेल ना?" माझं स्पष्ट मत आहे, चालणार नाही. विशेषतः ब्लड प्रेशर किंवा डायबेटिस असेल तर नाहीच. तळलेल्या, खारट, कोरड्या खाण्याने बीपी वाढतं, शुगर बिघडते आणि बद्धकोष्ठता होते ती वेगळीच. त्यापेक्षा समोर शिजवलेलं गरम स्थानिक अन्न कितीतरी बरं.

आधी एक गैरसमज दूर करू. आपल्या गाडीवरचं 'चायनीज' म्हणजे चीनचं जेवण नव्हे. मंचुरियन तर मुंबईत जन्मलेला पदार्थ! चीनमध्ये दर प्रांताची चव वेगळी. उत्तरेकडे गहू, दक्षिणेकडे भात. शीआनला गेलात तर पट्ट्यासारख्या रुंद 'बियांगबियांग' नूडल्स खा. ग्वांगझूला सकाळी चहाबरोबर वाफवलेले डिमसम आणि तांदळाची मऊ पेज मिळते. ज्यांचं पोट नाजूक आहे त्यांनी तिथे निर्धास्त जेवावं.

सिचुआनमध्ये मापो टोफू खाल्ल्यावर जीभ बधिर होते, मुंग्या येतात. घाबरू नका. तिथली मिरी आपल्या कोकणातल्या तिरफळाचीच बहीण आहे. हा तिचा गुण, ॲलर्जी नव्हे. मात्र ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या किंवा दम लागला तर ती ॲलर्जी समजा आणि लगेच डॉक्टर गाठा. शेंगदाणे किंवा तिळाची ॲलर्जी असणाऱ्यांनी ती चिनी भाषेत लिहून जवळ ठेवावी, कारण हे दोन्ही तिथे सर्रास वापरतात. शाकाहारी मंडळींनीही तसंच करावं. मापो टोफूमध्ये बहुतेक वेळा खिमा असतो.

अजिनोमोटोची भीती १९६८ साली एका अमेरिकन वैद्यकीय मासिकात छापून आलेल्या पत्रापासून पसरली. नंतरच्या चाचण्यांत त्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. खरी काळजी मिठाची करा. दिवसभरात मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी असावं, आणि एक मोठा चमचा सोया सॉसमध्येच साधारण २ ग्रॅम मीठ असतं. म्हणून नूडल्स खा, खालचं सूप वाडग्यातच सोडा.

डायबेटिस असणाऱ्यांनी हे नीट वाचा. चिनी मेजवानीत भाज्या, मांस आधी येतं आणि भात-नूडल्स बऱ्याचदा शेवटी. जेवणाआधीचं इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन तुम्ही भाताची वाट पाहत बसलात तर शुगर खाली जाऊ शकते. म्हणून भात सुरुवातीलाच मागवा, आणि खिशात साखर ठेवा.

आता जे अजिबात खाऊ नये ते सांगतो. दक्षिण चीनमध्ये काही ठिकाणी गोड्या पाण्यातला मासा कच्चा खातात. त्यातून यकृतातला चपटा कृमी पोटात जातो, पित्तनलिकेत वर्षानुवर्षं राहतो आणि तिथे कॅन्सरही घडवू शकतो. शांघायच्या भागात दारूत मुरवलेला कच्चा खेकडा मिळतो. अशा खेकड्यातून फुफ्फुसातला कृमी येऊ शकतो. दारू, व्हिनेगर किंवा तिखटाने हे कृमी खात्रीने मरत नाहीत, शिजवल्यानेच मरतात. फुफ्फुसातल्या कृमीमुळे खोकल्यातून रक्त पडतं आणि आपल्याकडे ते टीबी समजलं जाऊ शकतं. परतल्यावर असा त्रास झाला तर काय खाल्लं होतं ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. युन्नानमध्ये पावसाळ्यात रानटी मशरूम निघतात. त्यातले काही अर्धवट शिजले तर भास होतात, समोर छोटी माणसं नाचताना दिसतात! ते चांगल्या हॉटेलात, पूर्ण शिजवलेलेच खा.

नळाचं पाणी पिऊ नका. चीनमध्ये गरम पाणी पिण्याची पद्धत आहे, ट्रेनमध्ये आणि स्टेशनवर ते फुकट मिळतं. एक चांगला थर्मास न्या.

थोडक्यात, वाफाळतं असेल ते खा, कच्चं असेल ते टाळा, आणि गोळ्या वेळेवर घ्या. खाकऱ्याचं एक पाकीट आणीबाणीसाठी असू द्या. बाकी बॅगेतली जागा येताना चहा आणायला ठेवा.