चषक भावाच्या नावाचा, बहिणीचं काय?

बहीण सतरा वर्षांची, भाऊ पंधराचा. ऊसपट्ट्यातल्या एका गावची ही भावंडं एकाच मोटारसायकलवर, एकाच क्षणी गेली. गावाने मात्र त्यांची आठवण वेगळी करून टाकली. भावाच्या नावाने क्रिकेटचा स्मृतिचषक सुरू झाला. पहिल्या पुण्यस्मरणाच्या फलकावर दोघांचे फोटो होते. दुसऱ्या वर्षी तिचा फोटो नव्हता.

सांत्वनाला येणाऱ्या बायकासुद्धा आईच्या तोंडावर म्हणायच्या, "निदान पोरगा तरी राहायला हवा होता." वंश बुडाला म्हणून रडणाऱ्या त्या घरात मुलगीही गेली आहे याची कुणाला शुद्ध होती का? महिना होतो न होतो तोच सासरच्यांनी आईला बजावलं, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन उलटवून घे, नाहीतर दुसरी आणू. पहिली बायको असताना दुसरी करणं १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने गुन्हा आहे, हे त्यांना आम्ही जाऊन सांगितलं तेव्हा कुठे तो विषय थांबला. मिटला असं मी म्हणणार नाही.

ती मुळात त्या गाडीवर का होती? बारावीचा जादा तास सहाला सुटायचा, शेवटची बस साडेपाचला. दप्तरात मोफत पास, पण बसच नाही! अंधारात मुलगी एकटी कशी येणार, म्हणून परवाना नसलेला धाकटा भाऊ 'सोबतीला' जायचा. पंधरा वर्षांचं पोर पुरुषाची सोबत ठरतं आणि त्याच्याहून मोठी बहीण राखायची वस्तू. त्या पोरावर माझा राग नाही, त्यालाही हे ओझं कुणी विचारून दिलं नव्हतं. रस्त्यात उसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. मागे दिवा नाही, चमकणारी लाल पट्टी नाही. आणि गाव म्हणतं, आईलाच पोरीला शिकवायची हौस! ट्रॉलीच्या मालकाला कुणी जाब विचारला? कारखान्याला?

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मी या आईबरोबर जाते. विमा कंपनीचे वकील म्हणाले, मुलगी लग्न होऊन जाणारच होती, आईबापांचं नुकसान ते काय? भावाच्या दाव्यात हा प्रश्न आला नाही. हा हिशेब एकट्या त्या वकिलांचा नाही, कायद्यातच तो मुरलेला होता. १९९४ साली मोटार वाहन कायद्याला जोडलेल्या दुसऱ्या परिशिष्टात न कमावणाऱ्या माणसाचं उत्पन्न वर्षाला १५,००० रुपये धरलं होतं, आणि न कमावणाऱ्या पत्नीचं नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश. अरुणकुमार अग्रवाल खटल्यात (२०१०) सर्वोच्च न्यायालयाने यावर टीका केली, कीर्ती खटल्यात (२०२१) घरकामाचं मोल पुन्हा मान्य केलं. २०१९ च्या दुरुस्तीने ते परिशिष्ट गेलं. आता चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यूबद्दल मागता येणारे ५ लाख मुलगा-मुलगी बघत नाहीत. पण त्याहून जास्त मागायला गेलं, की 'परक्याचं धन' पुन्हा हजर.

म्हणून आम्ही प्रतिज्ञापत्रात तिची कामं लिहिली. पहाटे दोन म्हशींची धार, डेअरीला दूध, भाकऱ्या, आजीची औषधं, रविवारी खुरपणी, भावाचं गणित. (कामाची होती म्हणूनच ती मोलाची, असं मला म्हणायचं नाही. तिला शेतकी कॉलेजला जायचं होतं. पण न्यायाधिकरणात रुपयांतच बोलावं लागतं.) मैत्रिणींनो, तुमच्या तालुक्यात असा दावा असेल तर मुलीच्या कामांची यादी शेजारणींच्या जबान्यांसह जोडा. आणि गाळप सुरू होण्याआधी कारखान्यांना निवेदनं द्या: लाल पट्टी आणि मागचा दिवा नसेल तर ट्रॉली काट्यावर घ्यायची नाही.

चषकाच्या आयोजकांनाही आम्ही पत्र दिलं आहे. दोघांची नावं घाला, आणि मुलींचेही सामने ठेवा. अजून उत्तर नाही.