खांदेमळणी माणसांची

मुलांनो,

'थँक्यू' हा शब्द तुम्ही दिवसातून किती वेळा म्हणता? पेन उसनं घेतलं, थँक्यू. जागा दिली, थँक्यू. शब्द चांगलाच आहे. पण तोंडातून निघाला की हवेत विरून जातो! मग आभार मानायचे तरी कसे? मला हे एका बैलाच्या खांद्याने शिकवलं. हसू नका, खरंच सांगतो.

माझं आजोळ उमरगा तालुक्यात. तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा; २०२३ पासून धाराशिव. श्रावण अमावास्येला पोळा आणि त्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी. मामा बैलांना ओढ्यावर नेऊन धुवायचा. मग कोमट तुपात हळद कालवून बैलाच्या खांद्यावर हळूहळू चोळायचा. जिथे वर्षभर जू टेकतं, नेमकं तिथेच. घासून घासून तिथली कातडी जाड झालेली असते.

मी घाई करायचो, "मामा, शिंगं कधी रंगवायची?"

मामा म्हणायचा, "शिंगं उद्या. आपलं वझं ह्या खांद्यानं वढलंय. आधी त्याला इचार."

त्यानंतर मार्गशीर्ष अमावास्येला आली येळवस, म्हणजेच वेळ अमावास्या. धाराशिव आणि लातूरकडचा हा मोठा सण. शेजारच्या कर्नाटकातही तो असतो. त्या दिवशी गाव ओस आणि रान माणसांनी भरलेलं! ज्वारी, हरभरा, करडई डोलत असते. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करतात, आत पाच दगड मांडून पूजा करतात आणि पिकांवर आंबील शिंपडतात. धान्य देणाऱ्या रानाला आधी जेवू घालायचं, मग आपण जेवायचं. ज्यांना शेत नाही, त्यांनाही आग्रहाने बोलवायचं. भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि ताकातली गारेगार आंबील. नुसत्या आठवणीने तोंडाला पाणी सुटतं!

मी तेव्हा चौथीत होतो. तडस लागेपर्यंत जेवलो आणि चिंचेखाली आडवा झालो. डोळे किलकिले करून पाहतो तर काय, सगळ्यांचं उरकल्यावर आज्जी एकटी जेवायला बसली होती. भज्जीचं पातेलं रिकामं. ती उंड्याने त्याचा तळ पुसून खात होती. मध्यरात्रीच उठून चुलीपुढे बसली होती ती. आंबिलीने भरलेलं मातीचं बिंदगं डोक्यावर घेऊन रानापर्यंत चालली होती. आम्ही रानाला जेवू घातलं, पाहुण्यांना वाढलं, "आज्जी, तू जेवलीस का?" हे मात्र एकानेही विचारलं नाही. मीही नाही.

रात्री ती आपली मान आपणच दाबत बसली होती. मला मामाचा बैल आठवला. मी वाटीत तेल कोमट केलं आणि तिच्या मानेला लावू लागलो.

"आरं, मी काय बैल हाय व्हय?" म्हणून आज्जी खूप हसली. हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला.

बैलासाठी खांदेमळणी आहे, रानासाठी येळवस आहे, अवजारांसाठी खंडेनवमी आहे. माणसांसाठीचा दिवस मात्र आपणच काढायचा. त्यासाठी पंचांग बघायला नको. या आठवड्यात एवढं करा :

१. रात्री झोपताना स्वतःला विचारा, 'आज माझं ओझं कुणी उचललं?' वहीच्या मागच्या पानावर एक नाव आणि एक ओळ लिहा.

२. आभार मानताना कारण सांगा. "काकू, टँकर आला तेव्हा तुम्ही आमची घागर भरून ठेवलीत, म्हणून माझी शाळा बुडली नाही." बघा, काकूंचा चेहरा कसा खुलतो!

३. त्या माणसाचा 'खांदा' शोधा. आई उभी राहून दमली असेल तर तिला आधी जेवायला बसवा, तुम्ही वाढा. बाबांच्या हातातली जड पिशवी घ्या.

एक मात्र लक्षात ठेवा. कृतज्ञ असणं म्हणजे सगळं मुकाट्याने सोसणं नव्हे. कुणी त्रास देत असेल, तर ते मोठ्यांना सांगायचंच.

आणि पालकांनो, "थँक्यू म्हण पाहू" असं मुलांच्या मागे लागू नका. तुम्ही सालगड्याशी, रिक्षावाल्याशी, एस.टी.च्या कंडक्टरशी कसे बोलता, ते मुलं बघत असतात. आणि हो, मुलांनी पाणी आणून दिलं तर त्यांचेही आभार माना!

आज्जी आता नाही. दर येळवशीला पहिलं ताट घरात राबणाऱ्या बाईचं, हा आमच्या घरचा नियम मात्र आहे. तो करायला आम्ही फार उशीर केला. तुम्ही करू नका.

तर मग, आज कुणाचा खांदा शोधताय?