दुपारी तीनचा गट नंबर

सरकारी इमारतींची देखभाल ज्यांच्या सहीने होते, त्या सर्व अभियंत्यांना आणि अधिकाऱ्यांना,



मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी महसुलाचा कारकून आहे. गेल्या मे महिन्यात एका आदेशात मी गट नंबर 187 चा 178 करून ठेवला. त्या शेतकऱ्याला जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 155 खाली दुरुस्तीचा अर्ज घेऊन यावं लागलं. दोन एसटी बदलून, एका दिवसाची मजुरी बुडवून. साहेबांनी विचारलं, ‘लक्ष कुठं असतं तुमचं?’ प्रश्न रास्त होता. चूक माझीच, ती मी नाकारत नाही. पण ती किती वाजता झाली, हे कोणी विचारलं नाही.

दुपारचे तीन वाजले होते. आमचा वरचा मजला, डोक्यावर थेट स्लॅब, खिडकी पश्चिमेला. नवतपाच्या कडक उन्हात तिथला पंखा हवा देत नाही, झळा वाटतो. कूलर लावला की कागद उडतात आणि समोरच्या अर्जदाराचं बोलणं ऐकू येत नाही. घामाचं काही नाही, तो दुपट्ट्याने पुसता येतो. आकडा मात्र धरून ठेवता येत नाही. सातबाऱ्यावरून नजर आदेशाच्या कागदावर नेईपर्यंत तो निसटतो. परत बघावं, परत निसटतो. सकाळी अकराला मी हेच काम गप्पा मारत करतो.

हा आळशाचा बहाणा नव्हे. 2016 च्या उन्हाळ्यात अमेरिकेत बोस्टनला 44 तरुण विद्यार्थ्यांची बारा दिवस रोज सकाळी उठल्या उठल्या चाचणी घेतली. एसी नसलेल्या इमारतीतले विद्यार्थी एसीतल्यांपेक्षा उत्तराला सुमारे 13 टक्के जास्त वेळ घेत होते, आणि बेरजा-वजाबाक्यांतही मागे पडत होते. त्यांच्या खोल्यांचं सरासरी तापमान होतं जेमतेम 26 अंश. 26! आमच्याकडे एवढ्यावर लोक स्वेटर शोधतात.

उजेडाची गोष्टही या उष्म्यातच अडकलेली आहे. ऊन नको म्हणून खिडकीला जुन्या फायलींचे पुठ्ठे लावलेत. म्हणून दिवसाही दिवे. ट्यूब पाठीमागे, त्यामुळे माझ्याच डोक्याची सावली माझ्या कागदावर. चोकवाली ट्यूब लुकलुकते, वर तापतेही. मी पंचावन्नचा. या वयात डोळ्यातलं भिंग पिवळटतं, बाहुली पूर्वीसारखी मोठी होत नाही, आणि तोच कागद वाचायला विशीतल्या पोरापेक्षा कितीतरी जास्त उजेड लागतो. बंगळुरूच्या कपडे शिवणाऱ्या कारखान्यांत जुन्या ट्यूब काढून एलईडी बसवले, तेव्हा विजेची बचत झालीच. शिवाय तापलेल्या दिवसांत शिलाईचं काम वाढलं, कारण नव्या दिव्यांची उष्णता कमी. दिवा बदलला की उजेड आणि ऊब दोन्ही बदलतात, हे तिथे हिशेबात दिसलं.

कारखान्यांसाठी 1948 च्या कायद्यात हवा-तापमानाला कलम 13 होतं, उजेडाला कलम 17. दप्तरात बसून दुसऱ्याची जमीन कागदावर उतरवणाऱ्याला तो कायदा लागू नव्हता. आम्हाला एसी नको. गच्चीवर फेब्रुवारीत पांढरा रंग मारा, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून छज्जा द्या, टेबलाच्या डाव्या हाताला एलईडी द्या. आणि इस्टिमेट त्यापूर्वीच मंजूर करा. आजवर मंजुरी आणि पाऊस बरोबरच आले आहेत. आकड्यांचं काम बारापूर्वी उरकायचं, हे आमचं आम्ही ठरवलंय.

मी स्वतःच्या पैशाने एक थर्मामीटर आणून टेबलाजवळ टांगला आहे. आपण पाहणीला जरूर या, पण सकाळी अकराला नको. मे महिन्यात, तीनला या, माझ्या खुर्चीवर बसा आणि वीस गट नंबर उतरवून काढा. ताळा मी करून देईन.

आपला,
एक अव्वल कारकून