नितळ पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे

ग्वाल्हेर म्हटले की आपल्याला किल्ला, तानसेन आणि शिंदे सरकार आठवतात. त्या शहराची तहान भागवणारा तिघरा जलाशय मात्र सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. मराठी-कन्नड अशा जोड विभागांच्या या अंकाच्या वाचकांना तरी तो आपला वाटावा. महाराजा माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत, १९१६ साली, शहरापासून सुमारे २३ किलोमीटरवर सांक नदी अडवून हे धरण झाले. विश्वेश्वरय्यांचे जे स्वयंचलित दरवाजे १९०३ साली पुण्याजवळ खडकवासल्याला प्रथम बसले, तेच पुढे इथेही बसले. मराठी संस्थानिकाचे धरण आणि म्हैसूरच्या अभियंत्याची विद्या! पण १९१७ च्या ऑगस्टात पायाच्या वालुकाश्मात पाणी मुरले आणि धरण फुटले. ते पुन्हा बांधावे लागले. डोळ्यांना न दिसणारे पाणी किती घात करते, याचा तो धडा होता.

आज प्रश्न धरण फुटण्याचा नाही, पण न दिसणाऱ्या गोष्टीचाच आहे. कोणत्याही उघड्या जलाशयात पालापाचोळा, शेवाळे, काठावरची माती कुजते. त्यातील सेंद्रिय द्रव्ये पाण्यात विरघळतात. ती फार झाली तर पाण्याला चहासारखी पिवळट झाक येते. थोडी असली तर पाणी नितळ दिसते आणि आपण निश्चिंत होतो.

तशी ही द्रव्ये विषारी नव्हेत. मग बिघडते कुठे? १९७४ साली रॉटरडॅमच्या रूक या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले की जंतू मारण्यासाठी घातलेला क्लोरीन याच द्रव्यांशी संयोग पावून क्लोरोफॉर्मसारखी संयुगे तयार करतो. अशी संयुगे वर्षानुवर्षे पोटात जाणे बरे नव्हे. म्हणून क्लोरीन बंद करावा काय? मुळीच नाही! कॉलरा आणि कावीळ यांचे भय कितीतरी मोठे आहे. शहाणपणाचा मार्ग एकच: क्लोरीन पडण्यापूर्वी सेंद्रिय द्रव्य काढून घ्यावे.

त्याचे साधन आपल्या आजीला ठाऊक होते. ती पावसाळ्यात घागरीत तुरटी फिरवीत असे. सेंद्रिय कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात. तुरटीतील ॲल्युमिनियमचा धन भार तो शमवतो. कण एकत्र येऊन त्यांचे पुंजके बनतात आणि तळाशी बसतात. पण गढूळपणा घालवणे वेगळे आणि विरघळलेले सेंद्रिय द्रव्य धरणे वेगळे. दुसऱ्या कामाला तुरटी बहुधा जास्त लागते आणि पाण्याची आम्लता जरा वाढवावी लागते. पीएच साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान हे काम उत्तम होते.

हल्ली मेंब्रेनचा बोलबाला आहे. अल्ट्राफिल्ट्रेशनच्या पडद्याची छिद्रे सुमारे एक शतांश मायक्रॉनची असतात. जिवाणू त्यातून जाऊ शकत नाहीत. परंतु विरघळलेले सेंद्रिय द्रव्य बरेचसे निसटते, आणि जे अडते ते छिद्रे बुजवते. आधी तुरटीने पुंजके बांधले तर पडदा ते सहज अडवतो आणि स्वतःही जास्त टिकतो. म्हणजे नवे यंत्र जुन्या तुरटीवाचून पांगळेच!

माझे स्पष्ट मत असे की, तिघऱ्याचे पाणी घेणारे मोतीझीलचे केंद्र असो की राकसकोप-हिडकलचे पाणी पिणारे आपले बेळगाव, नगरपालिकांनी महागडे पडदे आणण्याआधी तुरटीचे काम चोख करावे. ऋतू बदलला की मात्रा तपासून बदलावी. आपल्या २०१२ च्या पेयजल मानकात क्लोरोफॉर्मादी संयुगांना मर्यादा घातली आहे. ज्यातून ती उपजतात त्या एकूण सेंद्रिय कार्बनाला मात्र नाही. अमेरिकेने १९९८ साली तो कार्बन ठराविक प्रमाणात काढण्याचे बंधनच घातले. आपणही ते घालावे.

घरोघरी आरओ यंत्र बसवणे हा यावरचा उपाय मला पटत नाही. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याने शुद्ध पाणी प्यावे आणि उरलेल्यांनी नळाखाली ओंजळ धरावी, हा कुठला न्याय? शिवाय ते यंत्र बरेच पाणी मोरीत सोडून देते.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या रसायनशाळेत सहा चंचुपात्रे, थोडी तुरटी आणि एक स्पेक्ट्रोफोटोमीटर असतोच. पाणी २५४ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश किती शोषते, एवढे मोजले तरी सेंद्रिय द्रव्याचा अंदाज येतो. तुरटीपूर्वी आणि तुरटीनंतर, महिन्यातून एकदा ते मोजा आणि आकडे याच अंकात छापा. नगरपालिकेला विनंतीअर्ज पुष्कळ जातात. आकडे फारसे कुणी पाठवीत नाही.