मनगट दाबा, पण गोळी सोडू नका

टीबी, कॅन्सर, किडनी. आजार निरनिराळे, पण घरच्यांना रोज दिसते ते एकच: वाढलेले ताट तसेच परत येते. मळमळीला कंटाळून माणूस हळूच औषध टाळू लागतो. टीबीत असे झाले तर आजार उलटतो, आणि मग साध्या गोळ्यांना दादही देत नाही. म्हणून मळमळीला 'किरकोळ' म्हणणे आम्हाला मान्य नाही.

ॲक्युप्रेशरमधला मनगटाचा बिंदू पाटीपुऱ्यातल्या घराघरात माहीत असावा, असे आमचे मत आहे. तळहात वर करा. मनगटाच्या घडीपासून कोपराच्या दिशेने रुग्णाचीच तीन बोटे आडवी ठेवा. तिसऱ्या बोटाखाली, मधल्या दोन ताठ दोऱ्यांच्या मध्ये, अंगठ्याने दोन-तीन मिनिटे दाबा. दुखेल इतके नको. डायलिसिससाठी फिस्टुला केलेला हात मात्र मुळीच दाबू नका.

गुण येतो का? ऑपरेशननंतरच्या मळमळीवर 59 चाचण्यांचा आढावा 2015 साली निघाला. त्यात या बिंदूचा उपयोग दिसला. केमोच्या बाबतीत चित्र तितके साफ नाही; इंग्लंडमध्ये 500 रुग्णांवर मनगटी पट्टा वापरून पाहिला, तेव्हा ठळक फरक आढळला नाही. तरी दाबायला पैसा लागत नाही, करून पाहायला हरकत नाही. पट्ट्यावर आणि 'गॅरंटी'च्या शिबिरावर मजुरीचे पैसे घालवायला मात्र आमचा विरोध आहे.

खरी गोष्ट पुढची. मळमळीवर ऑनडॅनसेट्रॉनसारखी स्वस्त औषधे आहेत. पण डॉक्टर घाईत असतात, आणि आपली माणसे 'आता हे काय सांगायचे' म्हणून गप्प बसतात. सांगा! यवतमाळच्या मेडिकलला असो की नागपूरच्या तुकडोजी कॅन्सर रुग्णालयात, मळमळ केव्हा होते, दिवसात किती उलट्या होतात, हे कागदावर लिहून न्या. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून लिहून घ्या.

आणि टीबीच्या गोळ्या चालू असताना मळमळीबरोबर डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर मनगट दाबत बसू नका. ती लिव्हरची तक्रार असू शकते. पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि पुढची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या.