शब्द काढता येतो, व्याकरण नाही

मी उर्दू आणि मराठी शिकवतो; संगणकाची भाषा हा माझा विषय नाही. पण गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या वेबसाइटवर अचानक जुगाराच्या जाहिराती दिसू लागल्या आणि हाही धडा गिरवावा लागला.

माझा एक जुना विद्यार्थी शाहूपुरीत संगणकाचं काम करतो. त्यानं तपासून सांगितलं, "सर, शिष्यवृत्तीच्या अर्जाला फोटो जोडायची सोय आहे ना? तिथून कुणीतरी फोटोऐवजी पीएचपीची फाइल चढवलीय." त्याच सर्व्हरवर मुलांची नावं, आधार क्रमांक, पालकांचे मोबाइल नंबर होते.

पीएचपी ही रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५मध्ये लोकांसमोर आणलेली भाषा. मराठी आणि उर्दू विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतात, तीही याच भाषेत लिहिलेली. या भाषेत 'एक्झेक', 'शेल_एक्झेक', 'सिस्टिम', 'पासथ्रू' अशी फंक्शन्स तयारच मिळतात. त्यांच्यामार्फत वेबसाइटवरची फाइल थेट सर्व्हरला हुकूम सोडू शकते. शाळेच्या साध्या वेबसाइटला त्यांची सहसा गरज नसते. चोराला मात्र तीच हवी असतात.

उपाय सोपा आहे. 'पीएचपी डॉट आयएनआय' या फाइलीत 'डिसेबल_फंक्शन्स' या नावापुढे ही यादी लिहायची. चोराला आपल्या फाइलीतून ती बदलता येत नाही. पीएचपी ८पासून तर हे शब्द भाषेत नव्हतेच, असं सर्व्हर वागतो. मात्र आधी विचारून घ्यावं, कारण मीडियाविकीसारख्या काही प्रणालींना 'प्रोक_ओपन' लागतं.

मग काम संपलं का? नाही. 'इव्हॅल' दिलेला मजकूर कोड म्हणून चालवतं. ते फंक्शन नाही, भाषेची रचनाच आहे. यादीत लिहूनही बंद होत नाही. शब्द काढता येतो, व्याकरण नाही. शिवाय फाइल वाचण्याची साधी फंक्शन्स चालू ठेवावीच लागतात, आणि मुलांची माहिती चोरायला तेवढी पुरतात. म्हणून फोटोंच्या फोल्डरमध्ये पीएचपी चालताच कामा नये, आणि काम झालेले अर्ज सर्व्हरवरून काढून टाकले पाहिजेत.

"आपल्या शाळेत चोरण्यासारखं आहे काय?" असं बैठकीत विचारलं जातं. आहे ना! अर्ज न वाचताच विश्वासानं सही करणाऱ्या आईबापांची अमानत आहे. ती सांभाळता येत नसेल, तर आपण मागूच नये.